शेवटच्या खांबाकडून आलेली अक्षता

शेवटचं ‘सावधान’ झालं, वाजंत्री कडाडली, अंतरपाट खाली आला आणि नवरदेव ओरडला, “आई गं, मेलो!”

अशा वेळी नवरदेवानं ओरडायचं नसतं. हार घालून घ्यायचा असतो. मंदा माझी पोरगी हार वर धरून तशीच उभी, आणि समोर हा सर्जेराव एका हातानं डोळा दाबून, मुंडावळ्या लोंबत, वाकलेला.

आमच्याकडं अक्षता तांदळाच्या नसतात. जतच्या माळावर तांदूळ पिकतो कुठं? आम्ही ज्वारी कुंकवात घोळतो आणि मूठमूठ उधळतो. तांदूळ अंगावर मऊ पडतो, ज्वारीचा दाणा छर्ऱ्यासारखा येतो. म्हणून आमच्या बाजूचे नवरदेव शेवटच्या सावधानाला डोळे गच्च मिटून घेतात. हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. पण हा बाबा अंतरपाट हलल्याबरोबर डोळे फाडून मंदाकडं बघत होता. माझी पोरगी होतीच बघण्यासारखी, त्यात त्याची काही चूक नाही.

“काय झालं रे? काय झालं माझ्या सोन्याला?” विहीणबाई अनसूयाबाई मांडवभर ऐकू जाईल असं ओरडल्या.

“दाणा गेला डोळ्यात. उघडतच न्हाई.”

“घ्या! सोमवारी सांगलीला डोळं तपासणार हायेत त्याचं. एसटीची ड्रायव्हरकी त्यावर हाय. डोळा गेला तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर...” पुढं त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि मंदाकडं बघितलं. मंगळसूत्र अजून ताटातच होतं.

“तर काय? बोला की,” मी म्हटलं.

“मी कशाला बोलू? एकडोळ्या घरची सोयरीक नको म्हणत हुते सगळे.”

मी एका डोळ्यानं बघते हे खरं. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं आहे, बुबुळावर दुधाची साय धरावी तसं, अगदी लहानपणापासून. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, तिथंही पोरं चिडवायची, आणि मी त्यांना मारायची. पण मालक गेल्यावर चुन्याची भट्टी मी त्याच एका डोळ्यावर चालवली. गाडीवान चुनखडीत माती मिसळून आणायचा, ती मला लांबून दिसायची.

आणि त्या दिवशीही मला दिसलं होतं. दाणा कुठून आला ते. मांडवाच्या अगदी शेवटच्या खांबाकडून एक हात गोफणीसारखा फिरला होता. तो हात मी झोपेत ओळखला असता.

“ठके!” मी ओरडले. “पुन्यांदा तूच का गं?”

ठकू माझी धाकटी बहीण. तिच्याशी मी बोलत नव्हते. लहानपणी खळ्यावर बाजरी उफणताना हिनं खेळता खेळता मूठभर कुसळं माझ्या तोंडावर फेकली, आणि तेव्हापासून माझा डोळा हा असा. निदान मी तरी असंच धरून चालले होते, आणि घरात कोणी वेगळं काही सांगितलं नव्हतं. तिच्या लग्नात मी मांडवाबाहेर बसून जेवले. माझ्या मालकांच्या दहाव्याला ती आली, तर मी तिच्याकडं पाठ केली. मंदाच्या लग्नात तिला बोलवायचंच नव्हतं. पण मंदा हटून बसली. “मावशी आली न्हाई तर मी हळद लावून घेणार न्हाई.” पोरगी माझीच, काय करणार. मी म्हटलं, “बोलव. पण शेवटच्या खांबाच्या पुढं तिनं पाऊल टाकायचं न्हाई.”

ठकू शब्दाची पक्की. खांबाच्या पुढं आली नाही. तिथूनच तिनं टाकल्या अक्षता. पाखरं राखायला माळ्यावर उभी राहायची तेव्हा हिच्या गोफणीचा खडा दोन वावरं ओलांडून जायचा. तो हात अजून तसाच होता.

“एक डोळा माझा घेतलास, दुसरा जावयाचा. पोट भरलं का?”

ठकू खांबाला धरून उभी राहिली.

मी मंदाच्या चुलतीला म्हटलं, “रांजणातली निवळी आण वाटीत. पळ.”

चुना विझवून रांजणात मुरत ठेवला की वर नितळ पाणी येतं, ती निवळी. माहेरी काय, सासरी काय, आमच्या घरात ती सगळ्यावर चालायची. पोरांचं पोट दुखलं, पाण्यात थेंबभर निवळी. भट्टीवर भाजलं, निवळी आणि खोबरेल फेटून लावायचं. दिसायला इतकी स्वच्छ की तळाला पडलेली सुई दिसावी. असलं पाणी डोळ्याला वाईट कसं असेल?

वाटी आली. मी सर्जेरावला खुर्चीवर बसवला, त्याची मान मागं केली. “जावईबापू, जरा झोंबंल. बाप्यासारखं बसायचं.”

“बसतो,” तो म्हणाला. “पण आत्याबाई, तेवढा एक डोळा मंदाकडं राहू द्या.”

असला चावट. मांडवात दोन-तीन पोरी खुदकन हसल्या. मी दोन बोटांनी त्याची पापणी उचलली, वाटी तिरकी केली, आणि तेवढ्यात कोणाचा तरी हात माझ्या मनगटावर असा बसला की वाटी उडाली, निवळी विहीणबाईंच्या नव्या इरकलीवर सांडली, आणि वाटी लोळत लोळत नगाऱ्याला जाऊन आपटली.

ठकू. शेवटच्या खांबापासून पळत आली होती. धापा टाकत होती.

“ह्याला दवाखान्यात न्या,” ती म्हणाली. “डोळ्यात कायबी घालू नका. अक्का, तुझ्या पाया पडते, कायबी घालू नको.”

“आता औषधबी सांडलीस!”

“माझी इरकल!” विहीणबाई ओरडल्या.

कोण कोणावर ओरडतंय काही कळेना. शेवटी सर्जेराव स्वतःच उठला, एक डोळा दाबून म्हणाला, “जीप कुठाय? मी चालवू का?”

असं ते वऱ्हाड निघालं. पुढं ड्रायव्हरशेजारी नवरदेव मुंडावळ्यांसकट, मागं मी, विहीणबाई आणि हार हातात धरलेली मंदा. मंदाला म्हटलं, “तू कशाला?” ती म्हणाली, “लग्न माझं हाय.” मी सरकून तिला जागा करून दिली.

जतला बाजाराच्या मागं तेव्हा नवीन डोळ्यांचा दवाखाना निघाला होता. डॉक्टरीण शहनाज अत्तार. मंदाहून थोडी मोठी असेल, बारीक अंगाची. मला वाटलं, ही काय बघणार. तिनं नवरदेवाला स्टुलावर बसवलं, हनुवटी एका यंत्रात टेकवायला लावली आणि विचारलं, “डोळ्यात काही घातलंय का?”

“घालणार होतो,” मी म्हटलं. “घरचं औषध. सांडलं.”

“कसलं औषध?”

“चुन्याची निवळी.”

तिच्या हातातली बॅटरी खाली आली. “कोणी सांडली?”

“हाय एक.”

“त्यांना माझा नमस्कार सांगा,” ती म्हणाली, आणि पुन्हा यंत्राला डोळा लावला.

मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, “बाई, आमच्या सात पिढ्या चुन्यात गेल्या. निवळीनं कोणाचं वाईट झालेलं ऐकलं न्हाई.”

“भाजल्यावर लावत असाल, त्यावर मी काही म्हणत नाही. आता जरा गप्प बसा, मला बघू दे.”

मला गप्प बस म्हणणारी माणसं मी बोटांवर मोजली असती, आणि त्यातली बरीचशी गेली होती. पण मी बसले. तिनं केशरी रंगाची कागदाची बारीक पट्टी त्याच्या पापणीच्या आत टेकवली, खोलीतला दिवा मालवला आणि यंत्रातून निळा उजेड सोडला.

“इकडं या,” ती मला म्हणाली. “तुम्हीच बघा.”

मी उजवा डोळा लावला. काय सांगू! सर्जेरावच्या बुबुळावर पोपटाच्या पंखासारखी हिरवी रेघ पेटली होती. जोंधळ्याच्या दाण्याएवढी जागा, मधे हिरवीगार.

“तेवढंच खरवडलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “बुबुळाच्या वर काचेसारखा पडदा असतो. त्यावर अगदी पातळ कातडी. ती निघाली की रंग तिथं शिरतो. खालचा पडदा शाबूत आहे.”

“मग भरणार कसं? टाके?”

“टाके नाहीत. कडेच्या पेशी आहेत ना, त्या सरकत सरकत येतात. एकमेकींना धरून, रांगेनं, चहू बाजूंनी. मधे भेटल्या की थांबतात. मग त्यावर आणखी थर चढतात. आज मलम घालून पट्टी बांधते. उद्या सकाळी बघा, ही हिरवी जागा किती उरते.”

“डाग?” विहीणबाई पुढं झाल्या. “डाग राहणार न्हाई न्हवं? नोकरीचा प्रश्न हाय, बाई.”

“वरच्यावर खरवडलेलं डागाशिवाय भरतं. तुमच्या घराला चुना देता ना? वरचा हात खरवडला, पुन्हा चुना फिरवला, भिंत नवी. पण आतली भिंतच फुटली आणि कोणी घाईनं दगडमाती कोंबून बुजवली, तर कितीही चुना द्या, ती जागा कळतेच. डोळ्याचंही तसंच आहे. आतल्या पडद्यात बारीक धागे असतात, मागाच्या ताण्यासारखे सरळ, म्हणून त्यातून आरपार दिसतं. तिथं जखम गेली की शरीर घाई करतं. धागे आडवेतिडवे टाकून भोक बुजवतं. मग उजेड अडतो. पांढरं दिसतं.”

“म्हणजे फूल,” मी म्हटलं.

“फूल,” ती म्हणाली, आणि माझ्या डाव्या डोळ्याकडं बघितलं. मी पदर पुढं ओढला.

विहीणबाईंनी मात्र दवाखान्याच्या पायरीवर जाहीर केलं, “उद्या सकाळी पट्टी सुटंल. डोळा चांगला असला तर मंगळसूत्र. तोपर्यंत न्हाई.”

“मग वऱ्हाडाचा मुक्काम आमच्याकडंच,” मी म्हटलं. “पन्नास माणसं हायेत तुमची. जेवायला काय करू, बुंदी का शिरा?”

“बुंदी,” सर्जेराव म्हणाला.

“तुला कोणी विचारलं?” त्याची आई म्हणाली.

असं अर्धं लग्न कोणी बघितलं नसेल. नवरी मुंडावळ्या बांधून चुलीपाशी, नवरदेव डोळ्याला पांढरी पट्टी लावून ओट्यावर, आणि गावची पोरं त्याला बघायला रांगेत. तो मधनं मधनं ओरडायचा, “मंदा, दिसत न्हाईस गं कुठं!” आणि मंदा आतून, “एका डोळ्यानं शोधा की!” विहीणबाई माझ्या बुंदीला नावं ठेवत दोनदा वाढून घेत्या झाल्या. नंतर आम्ही दोघी एकाच परातीत पीठ मळत बसलो. त्या म्हणाल्या, “पोरगी तोंडाची तिखट हाय तुमची.” मी म्हटलं, “मग कुणाची असणार?”

ठकू त्या सगळ्यात नव्हती. शेवटच्या खांबाशी आपलं गाठोडं ठेवून बसली होती. मंदानं तिला तिथंच ताट नेऊन दिलं.

सकाळी पुन्हा जीप, पुन्हा तेच चौघं. या वेळी विहीणबाईंनी मंगळसूत्र कमरेच्या पिशवीत घेतलं होतं. म्हणजे मनातून त्यांनाही हवंच होतं.

पट्टी सुटली. केशरी कागद, निळा उजेड. डॉक्टरीणबाई बघत राहिली. मग तिनं विहीणबाईंनाच बोलावलं. “या, आता तुम्ही बघा.”

विहीणबाईंनी डोळा लावला. “कुठाय?”

“तेच तर. नीट बघा.”

“हां, हाय. सुईच्या टोकाएवढं हाय बघा.” मग एकदम सरळ झाल्या. “रातीत? एवढं एका रातीत?”

“रातीत. आज संध्याकाळपर्यंत तेही मिटेल. दिसतंय का हो?” तिनं सर्जेरावला विचारलं.

सर्जेरावनं पाणी गळणारा डोळा उघडला, भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीकडं बघितलं नाही, मंदाकडं बघितलं. “झकास दिसतंय.”

विहीणबाईंनी पिशवीतून मंगळसूत्र काढलं आणि लेकाच्या हातात ठेवलं. “बांध आता. वाट कशाची बघतोस?”

“इथं?” मंदा म्हणाली.

“मग काय, अजून एकदा मांडवात जाऊन ज्वारी खायची हाय?”

तिथंच, त्या औषधाच्या वासात, स्टुलाशेजारी मंगळसूत्र बांधलं. बाहेर बसलेली पेशंट माणसं दारात गोळा झाली आणि टाळ्या वाजवायला लागली. मंदाच्या केसांत कालच्या अक्षता अडकल्या होत्या, त्यातल्या चार काढून डॉक्टरीणबाईनं नवऱ्याच्या टाळूवर ठेवल्या. उधळल्या नाहीत, ठेवल्या. म्हणाली, “डोळे मिटा.” सर्जेरावनं असे मिटले की नाकालासुद्धा सुरकुत्या पडल्या. विहीणबाई रडत होत्या आणि हसत होत्या, आणि डोळे पुसायला त्यांनी माझाच पदर घेतला.

सगळे बाहेर पडले. मी शेवटी निघाले, तर ती म्हणाली, “बसा जरा. तुमचा डोळा बघते.”

“त्यात काय बघायचं? जुना हाय.”

“बसा तर.”

हनुवटी टेकवली. तिनं बोटानं पापणी वर केली, खाली केली, बराच वेळ बघितलं. “कशानं झालं हे?”

“बाजरीच्या कुसळानं. बहिणीनं फेकली.”

“नाही,” ती म्हणाली.

“न्हाई काय? डोळा माझा.”

“कुसळानं काल तुमच्या जावयाला झालं तसा ओरखडा उठतो. फार तर एखादा ठिपका राहतो. तुमचं कडेपासून कडेपर्यंत पांढरं आहे. आत शिरा चढल्यात. खालची पापणी आतून बुबुळाला चिकटली आहे. नवी कातडी जिथून उगवते ना, ती काळ्या-पांढऱ्याच्या मधली कड, तीच सगळी जळली. म्हणून सरकत यायला कोणी उरलंच नाही. हे ओतलेल्या गोष्टीचं काम आहे, आक्का. कुसळ लागल्यावर डोळ्यात काय घातलं होतं?”

मला आजीचा हात आठवला. चुन्यानं भेगाळलेला, तरी किती मऊ. माझं डोकं तिच्या मांडीवर. आणि वाटी. नितळ पाणी, तळाला पडलेली सुई दिसावी असं.

“माझी आजी माझ्यावर जीव टाकायची,” मी म्हटलं.

“म्हणूनच तिनं घरातलं सगळ्यात चांगलं औषध घातलं असेल,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “तिला कुठं माहीत होतं?”

जीपमध्ये मंदा दोनदा म्हणाली, “आई, तू गप्प का? मला भ्या वाटतंय.” विहीणबाई म्हणाल्या, “राहू दे गप्प, जरा बरं वाटतंय.”

मांडवात पोचलो तर ठकू गाठोडं उचलून निघालीच होती. कोणीतरी तिला डोळा बरा झाल्याचं आधीच ओरडून सांगितलं होतं. मी थेट शेवटच्या खांबापाशी गेले. सगळा मांडव बघत होता.

“वाटी का उडवलीस काल?”

ती खाली बघत म्हणाली, “तू ओरडशील म्हणून.”

“मी कुठं ओरडणार हुते? डोळा जावयाचा हुता.”

“तवाचं, अक्का. खळ्यावर कुसळं लागली तवा तू ओरडली न्हाईस. तू माझ्यामागं धावलीस, माझ्या वेण्या ओढल्यास. डोळा लाल हुता, पाणी येत हुतं, पण तू हसत हुतीस. आजीनं निवळी घातली तवा ओरडलीस. ते वरडणं माझ्या कानातनं अजून गेलं न्हाई. काल वाटी बघितली आणि हात आपोआप...”

“मग इतकी वर्षं तोंड शिवलं हुतं का तुझं?”

“तोंड उघडलं की तू पाठ फिरवायचीस. आणि सांगून काय सांगू? आजीनं केलं म्हणू? ती तुझ्या डोळ्यापायी मरेस्तवर मंगळवार धरत हुती.”

ही ठकू. आजीसाठी गप्प राहिली आणि माझे बोल खात राहिली. मला माफी मागता येत नाही. मी कधी शिकले नाही, आणि त्या वयात कोण शिकणार. मी मागं वळले, पाटावर कालचं अक्षतांचं ताट होतं, त्यातली गच्च मूठ भरली.

“डोळे मीट.”

“कशाला?”

“मीट म्हणते न्हवं!”

तिनं मिटले. मी सगळ्या जोरानं मूठ तिच्या तोंडावर मारली. दाणे तिच्या केसात, गळ्यात, चोळीत गेले. मांडव हबकला.

“लागलं?”

“लागलं की!” ती कळवळली.

“भरून येतंय. रातीत. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय.”

ठकूनं एक डोळा किलकिला केला, माझ्याकडं बघितलं, आणि हसायला लागली. खाली बसून, पोट धरून, लहानपणी खळ्यावर हसायची तशी. मग तिनं गळ्यातली ज्वारी गोळा करून माझ्यावर फेकली, जवळून, तरी टपकन लागली. मी म्हटलं, “डाव्या डोळ्यावर मार, तो कुठं आता जातोय?” आणि मग मलाही आवरेना.

मी तिचं गाठोडं काढून घेतलं आणि तिला दंडाला धरून पार पुढं, विहीणबाईंच्या शेजारी, पहिल्या पाटावर बसवलं. म्हटलं, “इथून पुढं आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात तू पुढं उभी राहायचंस. लांबून फेकलेलंच जोरात लागतंय.”

सोमवारी सर्जेराव सांगलीला पास झाला. सगळ्यात खालची बारीक ओळ त्यानं न अडखळता वाचली, वर म्हणाला, “अजून हाय का?” त्यानंतर त्यानं एसटी चालवली ती निवृत्त होईपर्यंत, आणि ठकूला तिच्या गावच्या फाट्यावर गाडी थांबवून तो हॉर्न द्यायचा. निवळी आमच्याकडं अजून निघते, पण रांजणावर मी झाकण ठेवते आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलंय, डोळ्याला गेला चुना तर साध्या पाण्यानं धुवत राहायचं, धुवत राहायचं, आणि धुवत धुवत दवाखाना गाठायचा.

परवाच नातीचं लग्न झालं. ठकू पहिल्या रांगेत, काठी टेकत, मूठ भरून तयार. गुरुजींनी शेवटचं ‘सावधान’ म्हटलं. नवरदेव शहरातला, त्याला काय ठाऊक, डोळे उघडे ठेवून नवरीकडं बघत उभा. आणि सगळ्या मांडवात एकटा नवरीचा बाप, आमचा सर्जेराव, दोन्ही हातांनी दोन्ही डोळे झाकून ओरडत होता, “मावशी, हळू! मावशी, अगं हळू!”